अक्रोडाच्या खुंटजातींच्या रोपांची वाढ आणि जोम यांची तुलना कशी करावी

अक्रोडाच्या कलमासाठी पर्शियन अक्रोड, पूर्व अमेरिकेतील काळा अक्रोड, उत्तर कॅलिफोर्नियातील काळा अक्रोड आणि या शेवटच्या जातीचा पर्शियन अक्रोडाशी झालेला ‘पॅराडॉक्स’ संकर हे खुंट, म्हणजे ज्यांच्या मुळांवर कलम बांधतात ती रोपे, प्रामुख्याने वापरले जातात. त्यांची रोपे शेजारी शेजारी लावून जे उंच वाढेल ते जोमदार मानावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण अशा तुलनेत बहुधा जातीचा नव्हे, तर बियांचा फरक मोजला जातो.

प्रत्येक जातीच्या बिया एकाच झाडाखालून न उचलता अनेक मातृवृक्षांवरून गोळा कराव्यात आणि प्रत्येक झाडाच्या बिया वेगळ्या ठेवाव्यात. ओलसर वाळूत ३ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात त्यांना शीतसंस्कार द्यावा. पर्शियन अक्रोडाला दोन महिन्यांच्या आसपासचा काळ बहुधा पुरतो, तर काळ्या अक्रोडाला तीन ते चार महिने लागतात. सोटमूळ वेगाने खोल जात असल्याने कुंड्या उंच घ्याव्यात आणि माती सर्वांना एकच द्यावी.

खरी अडचण येते ती सुरुवात समान करताना, आणि याच टप्प्याने मला सर्वाधिक झुंजवले. जाती एकाच दिवशी पेरल्या तरी त्या एकाच दिवशी उगवत नाहीत, म्हणून रोपाचे वय पेरणीपासून न मोजता शेंडा मातीवर दिसल्याच्या दिवसापासून मोजावे आणि त्यासाठी उगवणीच्या काळात रोज नोंद ठेवावी. त्याहून अवघड प्रश्न बियांच्या वजनाचा आहे. अक्रोडाची दले (बीमधील गराचे अन्नसाठा असलेले भाग) मातीतच कवचात राहून कोवळ्या रोपाला पोसतात, त्यामुळे भरपूर गर असलेल्या बीचे रोप पहिल्या काही आठवड्यांत जातीच्या गुणाशिवायही पुढे निघून जाते. प्रत्येक बी पेरण्यापूर्वी तोलून तिला क्रमांक द्यावा, परंतु एवढ्यावर समाधान मानू नये: पर्शियन अक्रोडात गराचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास असतो, तर काळ्या अक्रोडात जाड कवचामुळे तो जेमतेम पाव भाग भरतो. म्हणून प्रत्येक झाडाच्या काही बिया फोडून गराचे प्रमाण काढावे आणि तुलना गराच्या वजनावर आधारावी. कवचासह वजनावरून काढलेला कोणताही निष्कर्ष मी ग्राह्य धरत नाही.

कुंड्यांची मांडणी गटागटांनी करावी, प्रत्येक गटात सर्व जाती असाव्यात आणि त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. दर पंधरवड्याला उंची मोजावी आणि खोडाचा व्यास मातीपासून ठरावीक उंचीवर, खूण केलेल्या जागीच, व्हर्निअर कॅलिपरने घ्यावा. कलम करणाऱ्याच्या दृष्टीने उंचीपेक्षा हा व्यासच महत्त्वाचा असतो.

एखादे जादा रोप उकरून कवचातील गर संपल्याची खात्री झाल्यावर प्रत्येक जातीची काही रोपे मुळांसकट काढून मुळे व खोड-पाने वेगवेगळी ६५ ते ७० अंशांत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावीत, आणि हंगामाच्या अखेरीस हेच पुन्हा करावे. दोन्ही वेळच्या सरासरी वाळलेल्या वजनांच्या नैसर्गिक लॉगॅरिदममधील फरकाला मधल्या दिवसांनी भागले की सापेक्ष वाढदर मिळतो. सुरुवातीच्या आकाराचा फरक त्यामुळे बराचसा बाजूला पडतो.

पॅराडॉक्सच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. काळ्या अक्रोडाच्या झाडावर मुक्त परागीभवनाने धरलेल्या बियांपैकी काहीच संकर असतात, म्हणून पर्णिका, म्हणजे एका संयुक्त पानातील छोटी पाने, मोजूनच रोपे वेगळी करावीत: पर्शियन अक्रोडात त्या बहुधा ५ ते ९ आणि जवळपास अखंड कडांच्या, काळ्या अक्रोडात संख्येने बऱ्याच अधिक आणि दातेरी, तर संकरात या दोहोंच्या मधल्या असतात. न ओळखता येणारी रोपे गणनेतून वगळावीत.

निकालाच्या तक्त्यात जोमाशेजारी रोगांचा रकाना हवाच, कारण पॅराडॉक्स जोमदार असला तरी क्राऊन गॉलला (खोड-मुळांच्या सांध्याशी गाठी आणणाऱ्या जिवाणूजन्य रोगाला) बळी पडतो, आणि चेरी लीफरोल विषाणू असलेल्या भागात काळ्या अक्रोडाच्या किंवा पॅराडॉक्सच्या खुंटावरील पर्शियन कलमाचा सांधा काळ्या रेषेच्या रोगाने मरतो.