टॅपला हात लावण्याआधी

कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यातल्या वीज उपकेंद्रांत शिफ्ट करण्यात माझी सगळी नोकरी सरली. रब्बी आली की अजून नव्या पोरांचे फोन येतात, "काका, ११०ची बस १०३ वर आलीय, टॅप किती चढवू?" बस म्हणजे उपकेंद्रातल्या लाइनी जिथं जोडतात ती मुख्य पट्टी, इथं ११० केव्हीची. टॅप म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून खाली जाणारं व्होल्टेज चढवायचा-उतरवायचा टप्पा. लेका, आधी टॅपवरचा हात काढ.

मेगावॅट, म्हणजे खरं काम करणारी वीज, बघून भागत नाही, शेजारचे एमव्हीएआर बघ, म्हणजे मोटारींना चुंबकासाठी लागणारी, नुसती ये-जा करणारी वीज. शेतीपंप, यंत्रमाग, शिरोलीच्या फाउंड्र्या, सगळा मोटारींचा कारभार. १०० मेगावॅट लोड ०.८ पॉवर फॅक्टरने (एकूण विजेत कामाच्या विजेचा वाटा) आलं तर सोबत ७५ एमव्हीएआर ओढतं, ०.९५ ला तेच ३३ वर येतं. मधले ४२ लांबून लाइनीवरून आले की व्होल्टेजही खातात आणि तारेतली जागाही अडवतात. म्हणून ३३ केव्ही बसवरची कपॅसिटर बँक, म्हणजे एमव्हीएआर जागेवरच पुरवणारा संच, पहिली घे, तीही पंपांची पाळी सुरू व्हायच्या आधी. कपॅसिटरची खोड अशी, की नडीच्या वेळीच हात आखडतो: व्होल्टेज ९० टक्क्यांवर आलं की १० एमव्हीएआरची बँक ८.१च देते. आणि एकदा काढलीस तर डिस्चार्ज व्हायला १० मिनिटं दे, घाई नको.

तरीही ३३ची बाजू कमी वाटली तर एकच टॅप चढव आणि ११०च्या बसकडे बघत थांब. ती खचली तर दुसरा नको. मी एका संध्याकाळी लागोपाठ तीन चढवले होते. खालचे दिवे उजळले, तसं लोडही वाढलं, आणि वरची बस आणखी बसली. शेवटी एलडीसीशी (लोड डिस्पॅच सेंटर, ग्रिड सांभाळणारं केंद्र) बोलून दोन फीडर, म्हणजे गावांकडं जाणाऱ्या लाइनी, बंद करावे लागले. गावकऱ्यांच्या शिव्या वेगळ्या. ११०ला ग्रिड कोडची, म्हणजे ग्रिडच्या नियमावलीची, चौकट ९९ ते १२१ केव्ही. पण ९९ची वाट कोण बघतो? त्यानंतर १०२ दिसलं की मी एलडीसीला फोन लावायचो.

पावसाळ्यातल्या रात्री सगळं उलटं. पंप बंद, लाइन हलकी, आणि ४०० केव्हीची लाइन किलोमीटरमागे साधारण अर्धा एमव्हीएआर स्वतःच तयार करते, त्याने व्होल्टेज चढतं. बँका काढ, मोठ्या उपकेंद्रात बस रिॲक्टर, म्हणजे जादा एमव्हीएआर गिळणारी कॉइल, घ्यायचा.

लाइनीवरून जास्त वीज न्यायची असेल तर आधी लांबी विचार. शेकडो किलोमीटरच्या लाइनीला तिचा रिॲक्टन्स, म्हणजे एसी करंटला होणारा तिचा चुंबकी अडथळा, आडवा येतो, तिथं तो कापायला लाइनीतच जोडलेला सिरीज कपॅसिटर. आपल्या ११०च्या लाइनी आखूड. इथं तार तापणं आणि व्होल्टेज पडणं हीच अडचण. दुसरं सर्किट ओढा, नाहीतर ११० चं २२० करा. व्होल्टेज दुप्पट म्हणजे तार तापण्याच्या हिशेबाने ताकद दुप्पट, व्होल्टेज पडण्याच्या हिशेबाने चौपट. जागा मिळत नसेल तर त्याच टॉवरवर एचटीएलएस तार, म्हणजे जास्त तापली तरी कमी झोळणारी तार. पण नव्या तारेने रिॲक्टन्स फारसा घटत नाही, आणि करंट दुप्पट झाला की लाइन चौपट एमव्हीएआर गिळते. म्हणून कपॅसिटर त्याच अंदाजपत्रकात घालून घे. नंतर मागशील तर मंजुरी येईपर्यंत तूही रिटायर होशील.