बोलिंगमध्ये हूक टाकावा की सरळ बॉल?

साताऱ्यात 'रविवारी बोलिंगला चाललोय' म्हटलं की पुढचा माणूस विचारतो, 'कुठल्या ग्राउंडवर?' मग सांगावं लागतं की चेंडूला तीन भोकं असतात, समोर दहा पिना असतात आणि त्यासाठी आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे दोन टोल भरून पुण्याला जावं लागतं. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर करून माणूस लेनच्या कडेच्या गटरमध्ये बॉल घालत बसला की जीव हळहळतो. त्यात शेजारच्या लेनवर कुणीतरी नवख्याला हमखास सांगत असतो, 'मनगट फिरव, वळेल.' हा लेख त्या सल्ल्याच्या रागातून लिहिलाय.

बूट, चार पावलांचा रनअप, फाउल लाइनच्या, म्हणजे लेन सुरू होते त्या रेघेच्या, मागे थांबणं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी उजव्या हाताने खेळतो. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

आधी सरळ उत्तर. बोलिंग सेंटरवर सगळ्यांसाठी ठेवलेला बॉल वापरत असाल तर सरळ टाका. स्वतःच्या हाताच्या मापाने भोकं पाडलेला बॉल घेतला असेल आणि अंगठा वेळेवर सुटत असेल, तर पहिला बॉल हूक, म्हणजे शेवटी आत वळणारा, टाका. उरलेल्या पिनांसाठी मात्र दोघांनीही सरळच टाकायचा.

हूक लागतो कशासाठी?

फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. लेनची रुंदी जेमतेम साडेतीन फूट आणि त्यात ३९ पट्ट्या. स्ट्राइकसाठी, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडायला, बॉल पहिल्या (सर्वांत पुढच्या) आणि तिसऱ्या (तिच्या मागे उजवीकडच्या) पिनेच्या मधल्या फटीत घुसावा लागतो. त्या फटीला पॉकेट म्हणतात. नुसता घुसून भागत नाही, तिरका घुसावा लागतो. सहा अंशांच्या आसपास कोन मिळाला तर उत्तम. आता उजव्या कडेला गटरला अगदी चिकटून उभे राहिलात आणि तिथून पॉकेटकडे सरळ रेघ मारलीत, तरी कोन भरतो जेमतेम दीड अंश. लेनच तेवढी अरुंद आहे, त्याला कुणाचा इलाज नाही.

कोन कमी पडला की काय होतं? एक पिन साधारण दीड किलोची असते. तुमचा बॉल दहा पाउंडांचा, म्हणजे साडेचार किलोचा. पहिल्या पिनेला धडकून तो उजवीकडे ढकलला जातो आणि मधली पाच नंबरची पिन तुमच्याकडे बघत उभी राहते. नीट बसलेल्या स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः चारच पिनांना शिवतो: एक, तीन, पाच आणि नऊ. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. हूकने आलेला बॉल आत दाबत जातो, म्हणून तो पाच नंबरपर्यंत पोचतो. सरळ टाकणाऱ्याने हे वजनाने भरून काढावं. हात न दुखता झुलवता येईल तेवढा जड बॉल उचला. रंग आवडला म्हणून आठ पाउंडांचा उचलून 'माझ्या पिना पडत नाहीत' असं कुणी म्हटलं की मी पाणी प्यायला उठतो.

बॉल वळतो कसा?

लेनवर तेल असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण पहिल्या चाळीसेक फुटांवर पातळ थर असतो, मध्ये जास्त, कडेला कमी. पुढचे वीस फूट कोरडे. हे मला कळलं ते आमच्या घरच्या सोप्यात. आई शहाबादी फरशी पुसत होती, अर्धी ओली, अर्धी कोरडी. भाच्याने रबरी चेंडूला पीळ देऊन सोडला. ओल्या फरशीवर तो पीळ घेऊन तसाच सरळ घसरत गेला आणि कोरड्या फरशीवर पोचला तसा मांजरासारखा वळून दाराच्या उंबऱ्याला धडकला. आईने दोघांनाही बाहेर काढलं, पण बोलिंगचं अर्धं शास्त्र त्या फरशीवर होतं. फिरत जाणारा बॉल तेलावर घसरतो, कोरड्यावर पकड घेतो, मग वळतो.

म्हणजे वळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. बाजूचा पीळ हवा आणि पकड घेणारं कवच हवं. सेंटरवरचे बॉल प्लास्टिकचे असतात. ते कोरड्या भागावरही घसरतच जातात. पकड घेतो तो रिअॅक्टिव्ह रेझिनचा बॉल. प्लास्टिकचा बॉल जबरदस्तीने वळवायला जाणारा माणूस शेवटी मनगट दुखवून घेतो. तो माणूस मी होतो.

इथे माझं दीड वर्ष गेलं

मी लहानपणी टेनिस बॉलने लेगस्पिन टाकायचो. पुण्यातल्या एका सेंटरवर एकाने सांगितलं, 'सोडताना दाराची मूठ फिरवतो तसं मनगट फिरवायचं.' मला वाटलं, हे तर आपल्याला येतंच. दीड वर्ष मूठ फिरवली. बॉल कधी कधी वळायचा, बहुतेक वेळा भिरभिरत सरळ जायचा आणि पिनांना लागून हलकाच बाजूला व्हायचा. स्कोअर एकशेदहाच्या वर जाईना. कोपराच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की गाडीचा गिअर टाकताना तोंडातून आवाज निघायचा.

मग भाच्याने मागून मोबाइलवर शूटिंग केलं आणि हळू करून दाखवलं. 'मामा, तू भोवरा सोडतोयस.' खरंच होतं. माझा हात बॉल सुटायच्या आधीच वरून पलटत होता, अंगठा जमिनीकडे बघत होता. असा सोडलेला बॉल भोवऱ्यासारखा उभ्या आसावर फिरतो. भोवरा जागेवर फिरतो, पुढे जोर लावत नाही. हवा असतो तो हातगाडीच्या किंचित तिरक्या बसलेल्या चाकासारखा, पुढे लोळत जाणारा आणि आस जरासा कलता असलेला.

त्यामुळे 'मनगट फिरव' हे वाक्य डोक्यातून काढून टाका. हूकमध्ये मुद्दाम काहीच फिरवायचं नसतं. हूक म्हणजे अंगठा आधी आणि बोटं नंतर, एवढंच.

बॉलकडे घड्याळाची तबकडी म्हणून बघा, बारा वाजल्याची खूण पुढे पिनांकडे. सरळ बॉलला अंगठा बारावर ठेवायचा, तळवा बॉलच्या मागे आणि हात शेवटपर्यंत तसाच पुढे न्यायचा. पंगतीत वाढप्याने पुढे केलेला प्रसाद घ्यायला हात करतो ना, तसा. हूकला हात मागून येताना तळवा बॉलच्या मागेच राहू द्या. तो घोट्याजवळ आला की अंगठा दहा-अकराच्या दरम्यान असावा. दुधाची किटली हातात धरून चालताना हात जसा मांडीशेजारी असतो, साधारण तशी स्थिती. त्या क्षणी अंगठा निसटतो आणि बॉलचं सगळं वजन मधल्या दोन बोटांवर येतं. बोटं त्याला पुढे आणि किंचित वर उचलून सोडतात. पीळ तिथे बसतो. अंगठा आणि बोटं यांच्यामधला वेळ पापणी लवायला लागतो तेवढा, पण तो नसेल तर हूक नाही. अंगठा नवाच्या पुढे आठ-सातकडे गेला, की भोवरा.

अंगठा सुटत नाही याचं कारण बहुतेकदा भोक असतं. सेंटरच्या बॉलची भोकं शंभर लोकांसाठी पाडलेली. अंगठ्याचं भोक सैल असलं की बॉल पडेल या भीतीने आपण अंगठा आतल्या आत वाकवतो आणि तो हुकासारखा अडकतो. बॉल घेताना अंगठा पूर्ण आत घालून सरळ बाहेर काढून बघा. कडांना हलका स्पर्श व्हावा, ओढावं लागू नये आणि खुळखुळाही नको. अंगठा वाकवायचा नाही, कितीही भीती वाटली तरी. स्वतःच्या बॉलला बोटं पहिल्या पेरापर्यंतच घालतात, सेंटरच्या बॉलला दुसऱ्या पेरापर्यंत. म्हणून स्वतःच्या बॉलमध्ये बोटांना उचलायला जागा मिळते आणि वळण सोपं होतं. हातकसब तेच, पण बॉल वेगळा.

सरावाला रनअप घेऊ नका. फाउल लाइनच्या मागे एका पायावर पुढे वाका, हात फक्त दोनदा झुलवा, सोडा. जोर नको. मी पुण्याला पोचल्यावर पहिली दहा मिनिटं हेच करतो. लोक बघतात, बघू देत. साताऱ्यात गच्चीवर जुन्या व्हॉलीबॉलला मधोमध रंगीत चिकटपट्टी गुंडाळून तो खालून लोळवायचो. पट्टी लोळताना तिरकी डुलली तर बरोबर. पट्टी आडवी होऊन चक्राकार फिरायला लागली तर पुन्हा भोवरा.

आणि एक पुरावा फुकट मिळतो, तो कुणी बघत नाही. परत आलेला बॉल हातात घेऊन त्यावर तेलाचं कडं शोधा. दिव्याखाली जरा फिरवलात की दिसतं. कडं मोठं असेल आणि अंगठ्या-बोटांच्या भोकांच्या जवळून गेलं असेल तर तुमचा बॉल लोळतोय. भोकांपासून लांब, खाली वाटीएवढं लहान कडं असेल तर तो भिरभिरतोय. माझ्या दीड वर्षातली सगळी कडी वाटीएवढीच असणार. मी ती टॉवेलने पुसून टाकत होतो.

दोन्ही हातांनी टाकण्याबद्दल पोरं विचारतात. ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक बोलर जेसन बेलमॉन्टे तसा खेळतो आणि भारी खेळतो. अंगठाच घालायचा नसल्यामुळे तो कधी सुटायचा हा प्रश्नच मिटतो. वय वीस असेल तर शिका. माझ्या कमरेने पहिल्याच रविवारी नकार दिला.

त्या दिवशी काय टाकायचं?

पहिले तीन-चार बॉल बघण्यात घालवा. कड्यावर तेल ओलं लागलं तर लेनवर तेल आहे. मग लेनवरच्या बाणांच्या खुणांपैकी उजवीकडून दुसऱ्या बाणावरून टाका. तो कडेपासून दहाव्या पट्टीवर असतो. पिनांकडे बघू नका. बाण पंधरा फुटांवर आहेत, पिना साठ फुटांवर. जवळचं निशाण चुकणं अवघड. तेल नीट असेल तर ते हूकवाल्याला सांभाळून घेतं. बॉल जरा उजवीकडे गेला तर कोरडा भाग मिळून जास्त वळतो, डावीकडे गेला तर तेल त्याला धरून ठेवतं. सरळ बॉलला हे कुणी सांभाळत नाही, जिथे सोडाल तिथेच तो जाणार. बॉल पॉकेट सोडून डावीकडे गेला तर पायही डावीकडे सरकवा, उजवीकडे राहिला तर उजवीकडे. हात बदलू नका.

हातात आलेला बॉल कोरडा ठणठणीत असेल, किंवा दुपारी वाढदिवसाच्या पोरांनी लेन तुडवून ठेवली असेल, तर वळण कुठे सुरू होईल याचा भरवसा नसतो. अशा दिवशी मी हूक गुंडाळून ठेवतो आणि सरळ खेळतो. यात कमीपणा नाही. अमेरिकेच्या वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियरचा बॉल इतर व्यावसायिकांच्या मानाने फारसा वळायचा नाही, आणि त्याने पीबीएच्या, म्हणजे व्यावसायिक बोलर्सच्या संघटनेच्या, ४७ स्पर्धा जिंकल्या. घोड्याची नाल खुंटीवर फेकण्याच्या खेळातही तो जगज्जेता आहे. नेम हा त्याचा जुना धंदा.

उरलेल्या पिना

दर फ्रेमला, म्हणजे दोन बॉलच्या प्रत्येक पाळीला, पहिल्या बॉलमध्ये नऊ पाडल्या आणि दुसऱ्यात उरलेली एक, तर एकही स्ट्राइक न मारता स्कोअर १९० होतो. हे गणित मी भाच्याला वहीत लिहून दाखवलं तरी त्याचा विश्वास बसला नाही. तो अजूनही दहा नंबरच्या पिनेला हूक टाकतो. ती उजव्या कोपऱ्यात, गटरच्या काठावर उभी असते. हूक तिच्याजवळ पोचता पोचता डावीकडे वळून निघून जातो. तिच्यासाठी स्वतःचा महागडा बॉल बाजूला ठेवा, सेंटरचा प्लास्टिकचा घ्या. डाव्या कडेला उभे राहा, खांदे त्या पिनेकडे वळवा, अंगठा बारावर ठेवा आणि लेन तिरकी ओलांडत मधल्या बाणाच्या आसपासून सोडा. मधलं तेल त्याला सरळ ठेवतं. डाव्या कोपऱ्यातल्या सातला हेच उजवीकडून.

तीन गेमनंतर थांबा. अंगठा सुजतो, तेच भोक घट्ट होतं आणि चौथ्या गेमला तो उशिरा सुटायला लागतो. तासाचे पैसे उरलेत म्हणून मी एकदा पाच गेम खेळलो. खंबाटकी येईपर्यंत स्टीअरिंग चार बोटांनी धरलं होतं.