चढावर गुदमरणारी जीप: कार्बोरेटर निवडला आणि जुळवला तो असा

सपाटीला माझी जुनी विलीज जीप छान धावायची, तिरक्या चढावर मात्र गुदमरून बंद पडायची. कार्बोरेटरमधला (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेचा, दांडा झिजून बाजूनं हवा ओढत होता, म्हणजे कार्बोरेटर बदलणं आलंच.

‘मोठा बसव, ताकद येते’ असं सांगणारे खूप भेटतात. हिशेब वेगळं सांगतो. इंजिन १३४ घन इंचांचं. ४००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १३४ गुणिले ४००० भागिले ३४५६ (घनफुटाचे १७२८ घन इंच, आणि हवा दोन फेऱ्यांत एकदाच ओढली जाते म्हणून दुप्पट), म्हणजे मिनिटाला जेमतेम १५५ घनफूट हवा. प्रत्यक्षात त्याहून कमीच. मोठ्या व्हेंच्युरीत (कार्बोरेटरचा अरुंद गळा) हवेचा वेग पडतो, कमी आरपीएमला पेट्रोल नीट ओढलं जात नाही. आणि दगडधोंड्यांत गाडी चालते ती कमी आरपीएमवरच! म्हणून मूळ बनावटीचाच एक-बॅरल (हवेची एकच नळी असलेला) कार्टर कंपनीचा कार्बोरेटर घेतला.

खरी मेख फ्लोटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल ठरावीक पातळीला रोखणाऱ्या तरंगत्या भागात. ही पातळी वर असली की गाडी कलल्यावर पेट्रोल आत सांडतं आणि मिश्रणात पेट्रोल प्रमाणाबाहेर वाढतं. मॅन्युअलमधल्या मापानुसार फ्लोटची पट्टी वाकवली (तेव्हा नीडलवर, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईवर, जोर देऊ नये, टोक खराब होतं). पेट्रोल पंपाचा दाबही तपासला. तो जास्त असेल तर नीडल कितीही नवी असो, पेट्रोल अडत नाही.

आधी इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जुळवलं. मग गरम इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला (हवा-पेट्रोल आत नेणारी नळी) व्हॅक्यूम गेज (आतली ओढ मोजणारं मीटर) लावून हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलणारा मिक्श्चर स्क्रू थोडा थोडा फिरवत काटा सर्वांत वर आणला, आणि वाढलेले आरपीएम आयडल स्क्रूनं (उभ्या गाडीतली इंजिनची गती ठरवणारा) उतरवले. काजळी धरणारे प्लग आता फिकट तपकिरी निघतात. जेटना (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) हात लावायची गरज पडली नाही.