सब्जाच्या गुठळ्या होतात? माझा अनुभव

दादरच्या बाजारातून आणलेला सब्जा थंड दुधात घातला की त्याचा गोळाच व्हायचा. बाहेरून बुळबुळीत, फोडला तर आत कोरडे काळे दाणे. जास्त वेळ भिजवला, नंतर घुसळून पाहिला, नुसता वैताग.

जमलं ते असं: आधी रुंद वाडग्यात कपभर कोमट पाणी. काट्याने ढवळत राहायचं आणि चहाचा एक चमचा सब्जा वरून भुरभुरायचा. 2 मिनिटांनी तळापासून पुन्हा ढवळायचं. 15 मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पांढुरकं कडं दिसतं. मगच गाळून दुधात किंवा सरबतात.

ते कडं म्हणजे पाणी धरणारे तंतू. पोट साफ व्हायला तेच कामी येतात, पण दिवसभर पाणीही प्यायला हवं. थंडावा मिळतो म्हणतात, मुंबईच्या मे महिन्यात मी वाद घालत नाही. कोरडा सब्जा मात्र तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकतो.