खुब्याची आसनं शिकवायला घेताना

ठाण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा योगवर्ग सुरू करायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सूर्यनमस्काराला कोणी संकोचत नाही. बद्धकोणासन (तळपाय जोडून, गुडघे बाजूला सोडून बसणं), उपविष्टकोणासन (पाय फाकवून बसणं), मलासन (उकिडवं बसणं) आलं की हॉलचा नूरच बदलतो. ओढणी मांडीवर येते, कुर्ता गुडघ्यापर्यंत ओढला जातो आणि "मॅडम, माझं वजन जास्त आहे, मला नाही जमणार" हे हमखास ऐकू येतं. "पाय जवळ घेऊन बस गं" हे लहानपणापासून ऐकत वाढलेल्या बायका आहेत या. एका सूचनेने त्या मोकळ्या होणार नाहीत.

म्हणून मी आधी हाडांबद्दल बोलते. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातल्या खोबणीत बसतो, तो खुब्याचा सांधा. ही खोबण किती खोल, तिचं तोंड कुठल्या दिशेला, हाडाच्या मानेचा कोन किती, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. त्यामुळे एखाद्या सडपातळ मुलीचे गुडघे बद्धकोणासनात जमिनीपासून वीतभर वरच राहतात आणि शेजारच्या जाड काकूंचे सहज टेकतात. स्नायू सरावाने सैल होतात, हाडाची घडण बदलत नाही. हे कळलं की बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, कारण इतकी वर्षं सगळा दोष त्यांनी आपल्या जाडीला दिलेला असतो.

नौपाड्यातल्या एक काकू बसल्या की मागे कलंडायच्या. पाठ गोल, हनुवटी खाली, दोन्ही हात ओढणीवर. त्यांच्या बैठकीच्या हाडांखाली चादरीची चार बोटं उंच घडी दिली आणि दोन्ही मांड्यांखाली बाहेरून उशा सरकवल्या. कटी पुढे झुकली, पाठ आपसूक उभी राहिली, दाबलेलं पोट सुटलं आणि श्वास खोल गेला. हात कुठे ठेवायचे हे मी सांगितलंच नाही. काही आठवड्यांनी ते आपोआप पावलांवर आले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी विटा, पट्टे, लोड यांचा वापर रुजवला, त्याचं मोल अशा वेळी कळतं. साधनं महाग हवीत असं नाही, घरातली चादर चालते.

सुरुवात बसून करू नका. घोडबंदरहून बस आणि लोकल करत ऑफिस गाठणाऱ्या बायका दिवसाचा बराच वेळ बसूनच असतात. कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोअस स्नायू त्यात आखडलेला राहतो. त्याच्यासाठी आंजनेयासन आधी घ्या, म्हणजे एक पाय पुढे दुमडून, मागच्या पायाचा गुडघा जमिनीवर टेकवायचा. त्यात लाजण्यासारखं कोणालाच काही वाटत नाही. मग सुप्त बद्धकोणासन, म्हणजे तेच आसन पाठीवर झोपून, अंगावर हलकी चादर घालून. उपविष्टकोणासनात समोरासमोर रांगा मुळीच नकोत, सगळ्यांची तोंडं एका भिंतीकडे. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही आणि मांड्या खाली दाबायच्या तर कधीच नाहीत.

एकपाद राजकपोतासनात, म्हणजे एक पाय पुढे दुमडून दुसरा मागे लांबवताना, पुढचा गुडघा सांभाळा. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. खुबा फिरला नाही की सगळा पीळ त्याच्यावर येतो. गुडघ्यात दुखलं किंवा जांघेत चिमटा बसला, तर तिथेच थांबायचं. त्याऐवजी पाठीवर झोपून एक घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवला तरी तोच ताण मिळतो. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, तेव्हा शेवटच्या टोकापर्यंत ताणायचं नाही. खुबा बदललेला असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय यातलं काहीच नाही.

"खुब्यात दुःख साठतं" असं काही योगशिक्षक सांगतात, ते वाक्य माझ्या वर्गात नसतं. आधीच स्वतःच्या शरीरावर रागावलेल्या बाईला त्यात आणखी एक खोट दिसते. कोणाला रडू आलं तर येऊ द्यावं, कारण विचारू नये. "बारीक व्हाल" हेही म्हणत नाही.

प्रमाणपत्र हवं असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असतं. नव्यांनी त्यातल्या योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर या परीक्षेपासून सुरुवात करावी. तिथे आसन नेमकं करून दाखवावं लागतं. वर्गात मात्र आपली लवचिकता दाखवायची नाही, कारण बायका शिक्षिकेकडे बघून स्वतःला मापतात. माझे गुडघे टेकतात, तरी मी घडीवर बसून, मांड्यांखाली उशा घेऊनच बद्धकोणासन दाखवते.