फौजेतली नोंद आणि पदकं दुरुस्त करायची आहेत? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात घरटी नाही तरी गल्लीला एखादा फौजी सापडतोच. पेन्शनीत आला की त्याचे कागद ट्रंकेत जातात. ते पुन्हा बाहेर निघतात ते बहुतेक दोन कारणांनी. एक तर 'स्पर्श'वर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, नाव जुळत नाही आणि हयातीचा दाखला अडतो. नाहीतर माणूस गेलेला असतो आणि बायकोची फॅमिली पेन्शन सुरू करायची असते. ही दुसरी वेळ फार वाईट. भरती कुठे झाली, लग्नाची नोंद कधी पाठवली, कुठल्या सालात कुठली पलटण कुठे होती, हे ज्याला तोंडपाठ होतं तोच घरात नसतो. मग साठी-सत्तरीतली बाई पिशवीत कागद घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहते. हे हाल टाळता येतात. फक्त दुरुस्तीचं काम स्वतः हयात असताना आणि नीट क्रमाने करायला हवं.

सेंटर बेळगावात आहे म्हणून अर्ज तिथेच देणं

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आपल्या गावात असल्यामुळे 'कॅम्पात जाऊन साहेबांना सांगितलं की काम होतंय' असा समज पक्का बसलाय. मराठा पलटणीतून सुटलेल्या माणसासाठी तो बरोबर आहे, कारण त्याचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे नोकरीची मूळ नोंद ठेवणारी कचेरी, इथेच आहे. पण फौजेत प्रत्येक रेजिमेंटचं आणि कोअरचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. तोफखान्यात नोकरी झाली असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्समध्ये (फौजेचे इंजिनीअर) असेल तर खडकी, सिग्नलसाठी जबलपूर, ईएमईसाठी (गाड्या-हत्यारं दुरुस्त करणारी कोअर) सिकंदराबाद, महार रेजिमेंटसाठी सागर, आर्मर्ड कोअरसाठी अहिल्यानगर, मेडिकल कोअरसाठी लखनौ. पेन्शनीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती झालेल्यांच्या त्या नोकरीसाठी केरळातलं कन्नूर. नौदलाचं काम मुंबईतून चालतं आणि हवाई दलाचं दिल्लीतून.

बँक मूळ नोंद बदलू शकत नाही. 'स्पर्श'च्या सेवा केंद्रावरचा मुलगाही बदलू शकत नाही. तो तक्रार नोंदवून देईल, एवढंच. सैनिक बोर्ड, म्हणजे माजी सैनिकांसाठीचं जिल्ह्यातलं सरकारी कार्यालय, मात्र उपयोगी पडतं: अर्ज तपासून, शिक्का मारून पुढे पाठवतं आणि अशा पत्राला वजन असतं. चंदगड-गडहिंग्लजकडचे बरेच जण बेळगावात घर बांधून राहिलेत आणि त्यांची नोंद अजून कोल्हापूरच्या सैनिक कार्यालयात आहे. त्यांनी आधी ती नोंद बदलून घ्यावी की तिथेच ठेवावी हे ठरवावं. दोन्ही राज्यांच्या सवलती वेगळ्या आहेत आणि एकाच वेळी दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही.

मूळ नोंद न बघताच अर्ज करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. तुमच्या नोकरीचे तीन कागद महत्त्वाचे: रेकॉर्ड ऑफिसमधला शीट रोल (नोकरीची मूळ नोंद), तुमच्या हातातलं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश). तिघांत फरक असू शकतो. शीट रोल बरोबर आहे आणि पीपीओत चूक झाली, तर ती लिहिण्यातली चूक. रेकॉर्ड ऑफिस प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला कळवतं आणि दुरुस्त पीपीओ निघतो. पण शीट रोलमध्येच चूक असेल तर पुरावे द्यावे लागतात, पार्ट टू ऑर्डर (नोंदीतला बदल जाहीर करणारा फौजी आदेश) निघावी लागते आणि मगच पीपीओ बदलतो. पहिल्या प्रकाराला दुसऱ्याचे ढीगभर कागद जोडून लोक काम उगाच अवघड करून ठेवतात.

म्हणून पहिला अर्ज दुरुस्तीचा नसावा. 'माझ्या शीट रोलची प्रत आणि कुटुंबाच्या नोंदींचा उतारा मिळावा' एवढाच असावा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, आणि उत्तर मिळालं नाही तर पहिलं अपील. प्रत हातात आल्यावर आधार, पॅन, पीपीओ शेजारी ठेवा आणि फरक कुठे आहे ते लाल पेनने खुणा करून बघा.

इथेच आणखी एक गैरसमज आहे. स्वतःची जन्मतारीख आधारवर वेगळी आणि फौजेत वेगळी असेल, तर बरेच जण फौजेतली तारीख बदलायला निघतात. भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख निवृत्तीनंतर बदलत नाही. सुप्रीम कोर्टानेही उशिरा केलेल्या अशा मागण्या पुन्हा पुन्हा नाकारल्या आहेत. तेव्हा आधार फौजेच्या तारखेला जुळवून घ्या. पण सांभाळून, कारण आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. घाईत चुकीचं स्पेलिंग टाकून एक संधी घालवू नका.

बायकोच्या नावाची नोंद 'नंतर बघू' म्हणून सोडणं

माझ्या मते या साऱ्यातली ही सगळ्यात महागडी चूक. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. माहेरी शांता, सासरी सुमन. जवान सुट्टीत येऊन लग्न करायचा, परत गेला की क्लार्कला नाव सांगायचा. क्लार्क बिहारचा नाहीतर केरळचा. त्याच्या कानाला 'शांताबाई'चं जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग अंदाजे वय. चाळीस वर्षांनी आधारवर आहे 'सुमन', पूर्ण नाव आणि आडनावासकट, आणि पीपीओवर आहे 'संताबाई', आडनावाशिवाय. फार जुन्या काही पीपीओंवर तर बायकोचं नावच नसतं.

नवरा जिवंत असेल तर हे काम साधं आहे. दोघांचं मिळून प्रतिज्ञापत्र करा की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्या, एक इंग्रजी आणि एक इथल्या भाषेतलं. सोबत आधार, पॅन, असल्यास शाळेचा दाखला, दोघांचा जोडफोटो आणि तुमचा अर्ज. तुमच्या सहीला इथे फार किंमत आहे. तुम्ही गेल्यावर तेच सिद्ध करायला तिला तहसीलदार, ग्रामपंचायत, पोलीस पाटील, कोर्ट अशा सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे चालेल की प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच हवं, हे रेकॉर्ड ऑफिसला आधी विचारून घ्या, म्हणजे स्टँप पेपर दोनदा घ्यावा लागणार नाही.

घरात अपंग मूल असेल तर त्याचंही नाव आताच नोंदवा. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आई-वडिलांच्या मागे फॅमिली पेन्शन मिळू शकते, आणि वडील हयात असताना केलेली नोंद त्या मुलाच्या फार कामी येते. ही गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

मराठी-कन्नड कागद तसेच पाठवणं आणि पत्त्याची नसती धास्ती

शाळेचा दाखला मराठीत, ग्रामपंचायतीचा कागद कन्नडमध्ये आणि फाइल उघडणारा क्लार्क जबलपूरला. त्याला दोन्ही वाचता येत नाहीत, मग फाइल शेऱ्यासकट परत येते. प्रत्येक कागदाला इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा, नोटरीचा शिक्का घ्या. भाषांतर करणाऱ्याला शीट रोलवरचं स्पेलिंग आधीच लिहून द्या. नाहीतर 'गावडे' कन्नडातून फिरून 'गौडा' होऊन येतो आणि 'नाईक'चा 'नायक' होतो. एक चूक दुरुस्त करताना दुसरी नवी तयार होते.

उलट, पत्त्याच्या फरकाला घाबरायचं कारण नाही. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात, आणि १९७३ पासून राज्याचं नाव कर्नाटक झालं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी आलं. निपाणीचा वेगळा तालुका अलीकडचा, आधी ती गावं चिकोडी तालुक्यात. त्यामुळे डिस्चार्ज बुकावर 'बेलगाम, मैसूर' आणि आधारवर 'बेळगावी, कर्नाटक' असेल तर ती चूक नाही, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करू नका. अर्जात एक ओळ लिहा आणि क्लार्कने हरकत घेतलीच तर तहसीलदाराचं गाव तेच असल्याचं पत्र जोडा.

पदकांची मागणी आठवणीवर करणं

पदकांचा विषय मनाला लागतो. लढाईत पाय ठेवून आलेल्या माणसाच्या डिस्चार्ज बुकात ती ओळच नसेल तर त्याला वाईट वाटणारच. म्हणूनच मागणी नेमकी हवी.

सेवेची किंवा युद्धाची पदकं वेगळी आणि शौर्याची वेगळी. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. स्टार प्रत्यक्ष कारवाईच्या टापूत असलेल्यांना, रक्षा आणि संग्राम मेडलचा आवाका मोठा. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला (आजच्या बांगलादेशात) लढलेल्या जंगी पलटणीतला, म्हणजे १ मराठातला जवान पूर्वी स्टारचा हक्कदार. त्याच वेळी बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरुटांना शिकवणारा उस्ताद नाही, त्याची नोकरी कितीही मोलाची असली तरी. कारगिलच्या वेळीही ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल अशी दोन वेगळी पदकं दिली. सैन्य सेवा मेडलवर भागाप्रमाणे क्लास्प (फितीवरची नावाची पट्टी) असतो, जसं जम्मू-काश्मीर किंवा हिमालय. पुष्कळदा मेडल नोंदलेलं असतं आणि क्लास्प राहून गेलेला असतो. तो बघा. १९७२ आणि १९९७ ची स्वातंत्र्य जयंतीची पदकं, ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदकं नोकरीच्या तारखांवरूनच ठरतात, ती सुटली असतील तर मिळवणं सगळ्यात सोपं.

अर्जात लिहायचं ते असं: त्या तारखेला मी कुठल्या पलटणीत होतो, कुठल्या कंपनीत, पलटण कुठे होती, कंपनी कमांडर कोण होते. दुसऱ्या युनिटला अटॅच होता तर तेही ठळक लिहा, कारण इन्फंट्रीबरोबर गेलेल्या ईएमईवाल्याचं किंवा मेडिकलवाल्याचं नाव असंच राहून जातं. त्याची नोंद त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डमध्येच होते, पलटणीच्या रेकॉर्डमध्ये नाही. जुनी मूव्हमेंट ऑर्डर, फील्डच्या पत्त्यावर आलेलं घरचं पत्र, साथीदारांचं प्रतिज्ञापत्र जोडा. आधी 'हक्क नोंदवावा' आणि मग 'पदक द्यावं' असं मागा. कित्येकांचा हक्क कागदावर असतो पण पदक हाती आलेलंच नसतं, आणि ते बाजारातून घेतलेली प्रत छातीवर लावतात. खऱ्या पदकाच्या कडेला नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. ते तपासा, तिथेही नाव चुकतं. पदक हरवलं असेल तर पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागेल.

शौर्यपदक आणि मेन्शन इन डिस्पॅचेस (कामगिरीचा अधिकृत उल्लेख) भारताच्या राजपत्रात छापून येतात. राजपत्रात नाव असून डिस्चार्ज बुकात नसेल, तर राजपत्राची प्रत लावा, काम होतं. पण साहेबांनी शिफारस करतो म्हणून सांगितलं होतं आणि ती पुढे गेलीच नाही, अशा प्रकरणात रेकॉर्ड ऑफिसला आज काही करता येत नाही. हे कटू आहे, पण जो एजंट पैसे घेऊन ते करून देतो म्हणतो तो फसवतोय. निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार झालेल्यांनी मात्र ते पीपीओत चढलंय का हे जरूर बघावं. त्याचा पेन्शनीवर परिणाम होतो.

अर्ज पाठवताना

पहिल्या ओळीत नंबर, रँक, नाव, पलटण, पीपीओ नंबर. एका अर्जात एकच मागणी. मूळ कागद कधीच पाठवू नका. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. 'स्पर्श'चा पासवर्ड आणि ओटीपी कुणाला देऊ नका, ओळखीच्या दुकानदारालाही.

उत्तराची वाट बघत वर्षं घालवणं

पेन्शन न मिळता सुटलेल्यांचे सेवेचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात. ज्यांची नोकरी १० किंवा १२ वर्षांत संपली त्यांनी हे लक्षात घ्यावं.

रेकॉर्ड ऑफिसने अंतिम नकार दिला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येतं. २००७ च्या कायद्याप्रमाणे नकाराच्या तारखेपासून ६ महिन्यांत. अर्जाला उत्तरच आलं नाही तर ६ महिने वाट बघायची आणि त्यापुढच्या ६ महिन्यांत दाद मागायची. उशीर सबळ कारण देऊन माफ होऊ शकतो, पण पेन्शनीच्या फरकाची थकबाकी साधारणपणे दाव्याआधीच्या ३ वर्षांचीच मिळते. म्हणून प्रत्येक अर्जाची प्रत, पावती आणि आलेलं उत्तर तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. वकील सगळ्यात आधी तेच मागतो. फौजीच्या विधवेला वकिलाच्या खर्चाची काळजी नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. त्यासाठी बेळगावच्या कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा, नवऱ्याचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ सोबत न्यायचं.