घोडा ऐकत नाही? आधी या चुका टाळा

रायडिंग क्लब असो, रेसकोर्स असो की सारंगखेड्याचा बाजार, एक तक्रार हमखास कानावर पडते: "घोडा हट्टी आहे हो!" घोड्यांच्या वागण्यावर झालेलं संशोधन वाचलं की हा हट्ट बहुतेक वेळा विरूनच जातो. एक तर आपण त्याला नकळत उलटं शिकवलेलं असतं, नाहीतर त्याला कुठेतरी दुखत असतं.

दाब सोडायला उशीर

सगळ्यात जास्त घोडे इथे बिघडतात. लगाम ताणला किंवा टाच लागली की घोडा त्यातून सुटका शोधतो. सुटका मिळाली त्या क्षणी तो जे करत होता, तेच त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मागे सरकायला शिकवताना त्याने पाऊल उचललं, तरी तुमचा हात ताणलेलाच राहिला. वैतागून त्याने मान झटकली आणि तेव्हा हात सैल पडला. झालं, तो मान झटकायला शिकला! मग "तोंड कडक झालंय, लगामाला दाद देत नाही" म्हणत आपण आणखी जाचक लगाम विकत आणतो.

उपाय असा: खाली उतरा. मोहरकीची (घोड्याच्या तोंडावर चढवायच्या, लगाम नसलेल्या साजाची) दोरी धरून हलका दाब द्या, एक खूर मागे जायला उचलला गेला की लगेच सोडा आणि त्याला क्षणभर तसंच उभं राहू द्या. हे सहज जमू लागलं की मगच खोगीर. आणि टाच नि लगाम एकदम लावू नका. "चल" आणि "थांब" एकाच वेळी ऐकणारा घोडा हळूहळू दोन्हींकडे दुर्लक्ष करतो.

नाकपट्टा करकचून आवळणं

तोंड उघडलेलं दिसू नये म्हणून पट्टा आवळतात. आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांतले 750 घोडे तपासले, तर 44 टक्क्यांच्या पट्ट्याखाली बोटभरही जागा नव्हती. नाकाच्या हाडावर, बरोबर मधोमध, दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. गालाच्या बाजूने मोजलंत तर फसाल, तिथे जागा असतेच.

दुखण्याला खोडी समजणं

ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना दिसणारी 24 लक्षणं निश्चित केली: कान मागे पडून राहणं, शेपूट सतत झटकणं, तोंड उघडणं, पुढे जायला कुरकुर करणं, अशी. त्यातली आठ किंवा जास्त दिसली तर घोड्याला दुखत असण्याची शक्यता दाट. लंगडणं नुसत्या डोळ्यांना दिसत नसलं तरी! अशा घोड्याला शिस्त लावायला जाणं हा अन्याय आहे. आधी पशुवैद्य, नालबंद आणि खोगिराचं माप.

चाबकाबद्दल थोडक्यात: 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्याची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली. वरच्या थरातल्या मज्जातंतूंच्या दाटीत ठळक फरक आढळला नाही. "त्याला कुठे लागतंय" हे म्हणणं आता सोडायला हवं.

रिकाम्या पोटी कसरत

घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पण ते सौम्य करणारी लाळ सुटते ती चघळतानाच. उपाशी घोडा पळवला की आम्ल जठराच्या वरच्या, कमी संरक्षण असलेल्या भागावर उसळतं आणि व्रण पडू शकतात. खोगिराचा पोटपट्टा आवळताना चावायला येणारा घोडा या दुखण्यानेही तसा वागत असू शकतो. स्वारीआधी दाण्याऐवजी थोडी वैरण घाला, आणि तरीही चावा थांबला नाही तर जठराची तपासणी करून घ्या.